पद्मिनीचं मिसिंग आणि पॉइंट-कंडेन्सरचं काम

पाना हातात घेण्याआधी एक गोष्ट पक्की करावी लागते: दोष पेट्रोलचा आहे की करंटचा. कार्बोरेटरच्या जुन्या गाडीत दोन्ही दुखणी वरून सारखीच दिसतात. गाडी ओढत नाही, झटके खाते, चढावर दम सोडते. आमची १९८६ ची प्रीमियर पद्मिनी हे सगळं करत होती, पण फक्त खंबाटकी घाटात, आणि तेही इंजिन चांगलं तापल्यावर. पुण्याहून निघताना झकास, शिरवळला चहा घेऊन निघताना झकास, खंडाळा मागे पडून चढ लागला की मिसिंग, म्हणजे इंजिनचे ठोके चुकणं, सुरू. मधूनच सायलेन्सरमधून फाट्‌कन आवाज. घाट उतरून सुरूर फाट्याला वाईकडे वळलं की पुन्हा गुणी लेकरू.

गाडी मूळची मामांची. वाईत त्यांच्या दारात तिची तक्रार मांडली की त्यांचं ठरलेलं उत्तर, “अगं, कार्बोरेटर उघडून एकदा हवा मारून घे.” आमच्या सोसायटीच्या वॉचमननेही तेच सांगितलं, पेट्रोल पंपावरच्या मुलानेही. आपल्याकडे जुन्या गाडीला काहीही झालं की पहिला आरोपी कार्बोरेटर. बिचाऱ्याला इतक्या वेळा विनाकारण उघडतात की त्यातल्या जेटचे स्क्रू शेवटी त्यापायीच खराब होतात.

मी आधी चोकची परीक्षा घेतली. चढावर मिसिंग सुरू झालं की चोकची मूठ अर्धी बाहेर ओढायची. चोक हवा अडवतो, त्यामुळे मिश्रण गडद होतं, म्हणजे त्यात पेट्रोलचं प्रमाण वाढतं. पेट्रोल कमी पडत असेल तर गाडी तिथल्या तिथे सुधारते. इथे ढिम्म फरक पडला नाही. दुसरी परीक्षा कानाची. पेट्रोल कमी पडलं की गाडी हळूहळू मंदावते. करंट तुटला की चालू लयीतला एखादा ठोका सरळ गायब होतो आणि पुढचा पुन्हा जागेवर येतो. आमच्या गाडीचे ठोके गायब होत होते. तेव्हा कार्बोरेटरला मी हात लावला नाही.

हे चढावरच का व्हावं, त्याला कारण आहे. ॲक्सिलरेटर दाबला की सिलिंडरमध्ये जास्त हवा आणि पेट्रोल शिरतं, दाबल्यावर ते जास्त दाट होतं, आणि दाट वायूतून ठिणगी उडायला जास्त व्होल्टेज लागतं. सपाट रस्त्यावर अर्ध्या ॲक्सिलरेटरला जो करंट पुरतो तो घाटात कमी पडतो. त्यामुळे कॉईल, पॉइंट, कंडेन्सर, रोटर, कॅप, वायरी, प्लग यांतलं काहीही अर्धमेलं झालं असेल तर ते खंबाटकी उघडं पाडते, लक्ष्मी रोडच्या गर्दीत ते कधीच कळत नाही.

ज्यांनी फक्त इंजेक्शनच्या गाड्या चालवल्या आहेत त्यांच्यासाठी थोडं सांगते. पद्मिनी म्हणजे मुळात इटलीची फियाट ११०० डी. कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाईल्समध्ये ती १९६४ पासून तयार व्हायला लागली आणि पद्मिनी हे नाव १९७४ पासूनचं. १०८९ सीसीचं चार सिलिंडरांचं इंजिन, आणि त्याच्या ठिणगीची सगळी जबाबदारी डिस्ट्रिब्युटरवर, ज्याला गॅरेजमध्ये सगळे डेल्को म्हणतात. बॅटरीचे १२ व्होल्ट कॉईलमधल्या जाड तारेतून जातात आणि डेल्कोतल्या पॉइंटमधून बॉडीला अर्थ होतात. पॉइंट मिटलेले असतात तोवर कॉईलमध्ये चुंबकत्व साठत राहतं. मधल्या शाफ्टवरचा चार कोनांचा कॅम पॉइंट उघडतो, प्रवाह तुटतो, चुंबकत्व एका झटक्यात कोसळतं आणि कॉईलमधल्या बारीक तारेच्या हजारो वेढ्यांत दहा-वीस हजार व्होल्ट तयार होतात. ते मधल्या जाड वायरीतून कॅपमध्ये, म्हणजे डेल्कोच्या झाकणात, तिथून आत फिरणाऱ्या रोटरवर आणि रोटर कॅपच्या ज्या पायासमोर असेल त्या पायाच्या प्लगकडे जातात. डेल्को इंजिनच्या निम्म्या वेगाने फिरतो. इंजिन मिनिटाला ३००० फेऱ्यांवर असेल तर पॉइंटच्या त्या दोन इवल्याशा टिकल्या सेकंदाला १०० वेळा उघडतात आणि मिटतात. त्या झिजतात याचं नवल नाही, इतक्या टिकतात याचं आहे.

पॉइंटच्या शेजारी करंगळीएवढी नळकांडी असते, तो कंडेन्सर. पॉइंट उघडत असताना प्रवाह मधल्या फटीतूनही उडी मारायला बघतो. कंडेन्सर त्या क्षणापुरता तो आपल्या पोटात घेतो आणि प्रवाह स्वच्छ तुटतो. तो अशक्त झाला की पॉइंटवर ठिणग्या पडून ते जळतात, आणि चुंबकत्व सावकाश कोसळल्यामुळे प्लगपर्यंत पोचणारं व्होल्टेजही पडतं. थंड असताना ठीक आणि तापल्यावर आजारी, ही खोड कंडेन्सरची आणि क्वचित कॉईलची. माझा संशय पहिल्यापासून त्याच्यावर होता, पण नुसत्या संशयावर सुटे भाग बदलत सुटणं मला पटत नाही.

म्हणून आधी इंजिन चालू ठेवून, रबरी मुठीच्या पकडीने प्लगची एकेक वायर उचलून पाहिली. (नुसत्या हाताने उचलू नये. जीव जाणार नाही, पण झटक्याने कोपर बोनेटवर आपटतं.) जो सिलिंडर आधीच काम करत नसेल त्याची वायर काढली तरी आवाजात फरक पडत नाही. इथे चारही वेळा इंजिन सारखंच लंगडलं. प्लग काढून ओळीने मांडले, तर चारही एकाच रंगाचे, करडे-तपकिरी, कडा जराशा गोलावलेल्या. एखादाच काळा किंवा ओला निघाला असता तर त्याच सिलिंडरच्या मागे लागले असते. चारही सारखे म्हणजे दोष चौघांच्या सामाईक वाटेवर: कॉईल, पॉइंट, कंडेन्सर किंवा रोटर.

रात्री पार्किंगचे दिवे घालवून बोनेट उघडं ठेवलं आणि इंजिन चालू केलं. दोन नंबरच्या वायरीवर, ती जिथे ब्लॉकला टेकत होती तिथे, निळसर ठिणगी सरपटताना दिसली. म्हणजे वायरीही बदलायला आल्या होत्या. मूळ दुखणं ते नव्हे, पण करंट तिथूनही थोडा गळत होता.

मग कॅपच्या दोन क्लिपा काढून आत पाहिलं आणि उलगडा झाला. पॉइंटच्या एका टिकलीला खड्डा, दुसरीवर तेवढाच उंचवटा, आणि दोन्हींचा रंग निळा-काळा. निरोगी पॉइंट राखाडी दिसतात. धातू एका बाजूने उठून दुसऱ्या बाजूला जाऊन बसतो तेव्हा कंडेन्सरकडेच बोट जातं.

सामानासाठी नाना पेठ. एके काळी फियाटचे पॉइंट कुठल्याही दुकानात पानपट्टीवर सुपारी मिळावी तसे मिळत. याला कारण मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सी. हजारो पद्मिनी दिवसरात्र पळत होत्या, त्यामुळे सुटे भाग बनवणाऱ्यांना ठोक गिऱ्हाईक होतं. गाडीचं उत्पादन थांबल्यावरही टॅक्सींनी हा बाजार जगवला. ताडदेव आरटीओत नोंदलेली शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ ची. वीस वर्षांची मुदत भरून ती ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस रस्त्यावरून गेली. आता मागणी उरली आमच्यासारख्या हौशी लोकांची, आणि हौशी लोक वर्षाला एखादा पॉइंट घेतात.

“फियाटचे पॉइंट?” दुकानदाराने चष्म्यावरून पाहिलं. “ताई, गाडी कोण चालवतं?”

“मीच.”

“आणि बसवणार कोण?”

“तेही मीच.”

त्यावर ते काही बोलले नाहीत, पण शिडी लावून माळ्यावर चढले. खाली आले ते दोन प्रकार घेऊन. एक झगमगीत नव्या वेष्टनातला, दुसरा छपाई उडालेल्या, कोपरे दबलेल्या जुन्या खोक्यातला. मी दोन्ही प्रकारचे पॉइंट आणि दोन्ही प्रकारचे कंडेन्सर घेतले. पॉइंट घेताना काय बघायचं ते सांगते. दोन्ही टिकल्या समोरासमोर बरोबर बसतात का, की एक खाली-वर आहे. पत्तीची स्प्रिंग ताठ आहे का. आणि कॅमवर घासणारी टाच कशाची आहे; ती नखाने दाबून पाहायची. नव्या वेष्टनातल्या पॉइंटची टाच नखाला मऊ लागत होती. टाच लवकर झिजली की गॅप, म्हणजे उघडलेल्या टिकल्यांमधली फट, मिटत जातो आणि टायमिंग, म्हणजे ठिणगी पडण्याची वेळ, मागे पडतं, म्हणजे तुमचं सगळं काम दोन-तीन महिन्यांत पाण्यात.

प्लगच्या बाबतीत दुकानदार म्हणाले, “ही कंपनी नाही, दुसरी आहे, चालेल.” चालतं, पण नंबर समजून घेतला तरच. प्लगचा ‘गरम-थंड’ नंबर सगळ्या कंपन्यांचा सारखा चढत नाही. बॉशमध्ये आकडा वाढला की प्लग जास्त गरम, एनजीकेमध्ये आकडा वाढला की जास्त थंड. एकाचा आकडा बघून दुसऱ्याचा प्लग घेतला तर नेमका उलटा माल घरी येतो. शिवाय जुना प्लग सोबत नेऊन आट्यांची लांबी शेजारी धरून बघावी. जास्त लांब प्लग आत पिस्टनपर्यंत डोकावू शकतो.

कामाचा दिवस रविवार. इंजिन पूर्ण थंड, कारण पद्मिनीचं हेड ॲल्युमिनियमचं आहे आणि तापलेल्या ॲल्युमिनियममधून प्लग ओढून काढला की आटे सोबत यायची भीती. आधी मोबाईलवर फोटो, मग प्रत्येक वायरीला कागदी टेप आणि त्यावर नंबर. एक नंबरचा सिलिंडर रेडिएटरच्या बाजूचा. ठिणगीचा क्रम १-३-४-२. डेल्को कुठल्या दिशेने फिरतो हे पुस्तकात शोधत बसण्यापेक्षा कॅप काढून सेल्फला एक हलका झटका द्यावा, रोटर स्वतःच दाखवतो.

चारही प्लग बाहेर असले की इंजिन हाताने फिरतं. पट्टा दाबून धरून पंखा हळूहळू फिरवायचा. एक नंबरच्या भोकावर अंगठा ठेवला की हवा अंगठ्याला बाहेर ढकलते, तो कॉम्प्रेशनचा फेरा. मग पुलीवरची खूण कव्हरवरच्या टायमिंगच्या खुणेशी आणायची. खूण ओलांडून पुढे गेलात तर उलटं फिरवून जुळवू नये. बरंच मागे जाऊन पुन्हा इंजिनच्या नेहमीच्या दिशेने यावं, नाहीतर चेनचा ढिलेपणा हिशोबात घुसतो. या स्थितीत रोटरचं टोक एक नंबरच्या वायरीकडे बघत असलं पाहिजे. ते बघत होतं.

जुने पॉइंट काढताना सगळा जीव एका बारक्या स्क्रूत अडकलेला असतो. तो डेल्कोच्या पोटात पडला तर अख्खा डेल्को उपसून काढावा लागतो. स्क्रू-ड्रायव्हरचं टोक चुंबकावर घासून घेतलं आणि प्लेटखालच्या फटींत कापडाच्या चिंध्या कोंबल्या. त्याहून महत्त्वाच्या त्या फायबरच्या बारीक चकत्या. पॉइंटची पत्ती आणि आत येणारी वायर बॉडीपासून अलग ठेवणं हे त्यांचं काम. त्या उलट्यासुलट्या बसल्या तर पॉइंट कायमचे अर्थ होतात आणि करंटचा पत्ताच राहत नाही. निघाल्या त्या क्रमाने मी त्या एका सुईत ओवून ठेवल्या.

पॉइंट निघाले की बाकीची तपासणी सोपी. शाफ्ट बोटांनी आडवा हलवून पाहिला. अगदी किंचित खेळ होता. जास्त असता तर गॅप प्रत्येक कोनाला वेगळा आला असता आणि पॉइंट कितीही भारी घेऊन उपयोग नव्हता. रोटर हाताने थोडा पिळून सोडला, तो टचकन जागेवर आला, म्हणजे खालची गव्हर्नरची, वेगाप्रमाणे ठिणगी पुढे-मागे करणारी, वजनं आणि स्प्रिंगा मोकळ्या आहेत. कॅम पुसून त्याला ग्रीसचं नुसतं बोट लावलं आणि शाफ्टच्या डोक्यातल्या नमद्यावर तेलाचा एक थेंब. इथे सढळ हात दाखवू नये. जास्तीचं तेल उडून थेट टिकल्यांवर बसतं.

मी जुन्या खोक्यातले पॉइंट बसवले. नव्या पॉइंटवर गंज लागू नये म्हणून तेलकट थर असतो. जुनं व्हिजिटिंग कार्ड पेट्रोलमध्ये बुडवून दोन टिकल्यांमधून ओढून काढलं, दुसरं कोरडं ओढलं, आणि त्यानंतर तिथे बोट लावलं नाही. मग टाच कॅमच्या बरोबर कोनावर आणली आणि गॅप लावला. पुस्तिकेत ०.४२ ते ०.४८ मिमी दिला आहे, मी ०.४५ ची फिलर गेजची पत्ती घेतली. पत्ती सरकली पाहिजे आणि सरकताना जराशी अडली पाहिजे. स्क्रू आवळला की गॅप हलतोच, म्हणून आवळून पुन्हा मोजायचा. आम्हा दोघींत, म्हणजे मी आणि त्या स्क्रूत, यावरून बराच वेळ ओढाताण झाली.

मामांना फोन केला तर ते हसले. “गेज कसला आलाय! आम्ही पॉइंटला सिगारेटच्या पाकिटाचा पुठ्ठा घालायचो आणि प्लगला हॅक्सॉचं पातं.” मी पातं मोजून पाहिलं. ०.६५ मिमीच्या जवळपास भरलं, आणि प्लगला ०.६ हवं, म्हणजे मामांचं अर्धं शास्त्र बरोबर होतं. पुठ्ठ्यावर मात्र माझा विश्वास नाही, तो दाबला की दबतो.

गॅप आधी आणि टायमिंग नंतर, हा क्रम उलटा करता येत नाही. गॅप वाढवला की टाच कॅमला लवकर भेटते, पॉइंट लवकर उघडतात, ठिणगी पुढे सरकते. गॅप कमी केला की ठिणगी मागे जाते. कितीतरी लोक नवे पॉइंट बसवून डेल्को न हलवता गाडी घेऊन जातात आणि मग म्हणतात, फियाट पूर्वीसारखी पळत नाही.

टायमिंगसाठी स्ट्रोब लाईट लागत नाही. इंडिकेटरचा १२ व्होल्टचा बल्ब, होल्डर, दोन वायरी आणि दोन क्लिपा पुरतात. एक क्लिप कॉईलच्या ज्या टर्मिनलवरून वायर डेल्कोकडे जाते तिथे, दुसरी बॉडीला. चावी चालू. पॉइंट मिटलेले असतील तर बल्ब बंद, कारण प्रवाह पॉइंटमधूनच अर्थ होतो. पॉइंट उघडले की बल्ब पेटतो. पुलीची खूण जागेवर असताना डेल्कोचा क्लॅम्प सैल करायचा, बॉडी रोटरच्या दिशेने थोडी फिरवून बल्ब घालवायचा, आणि मग रोटरच्या उलट दिशेने केसाकेसाने सरकवायची. ज्या क्षणी बल्ब पेटेल तिथे थांबून क्लॅम्प आवळायचा. मग इंजिन हाताने दोन फेरे फिरवून पुन्हा खुणेवर यायचं. बल्ब तिथेच पेटला तर काम झालं. हे चालू असताना चावी चालू ठेवून चहाला जायचं नाही. पॉइंट मिटलेले असताना कॉईलमधून सतत प्रवाह जातो आणि ती तापून जाते.

इथपर्यंत मी मुद्दाम फक्त पॉइंट बदलले होते. कंडेन्सर जुनाच. प्लग परत लावले, सेल्फ मारला, गाडी लगेच चालू झाली, स्लोचा, म्हणजे ॲक्सिलरेटर न दाबतानाचा, आवाज पहिल्यापेक्षा गोल. बंद केली आणि फक्त कंडेन्सर बदलला, झगमगीत वेष्टनातला नवा कोरा. सेल्फ मारला. नुसती घरघर. पुन्हा मारला, पुन्हा घरघर, ठिणगीचं नाव नाही.

सगळं एकदम बदललं असतं तर या क्षणी मी चकत्यांपासून कॉईलपर्यंत सगळं पुन्हा उलगडत बसले असते. पण मधल्या काळात बदललं होतं एकच. जुना कंडेन्सर परत लावला, गाडी चालू. नव्याला मल्टिमीटर लावला तर वायर आणि डबी यांच्यात सरळ शॉर्ट. म्हणजे पॉइंट उघडले काय आणि मिटले काय, प्रवाह कंडेन्सरमधून अर्थ होतच राहणार, तुटणार नाही, आणि तुटला नाही तर ठिणगी कुठून? खोक्यातून काढल्यापासून तो मेलेलाच होता.

जुन्या खोक्यातला दुसरा कंडेन्सर बसवण्याआधीच मोजला. शॉर्ट नाही, आणि ०.२ मायक्रोफॅरडच्या आसपास, जितका हवा तितका. तो लावला. नंतर नाना पेठेत बिघडलेला परत नेला तेव्हा दुकानदारांनी वाद न घालता पैसे परत दिले. म्हणाले, “असे निघतात हो मधूनमधून. पूर्वी फिटर दुकानातच तपासून घ्यायचे, आता तपासतंय कोण!” त्या दिवसापासून माझा नियम झाला आहे: जुना भाग काढला तरी नवा घाटात पास होईपर्यंत तो टाकायचा नाही. नवीन म्हणजे चांगलं, ही समजूत या गाड्यांच्या बाबतीत आता सोडावी लागते.

कॅपचंही तसंच झालं. नवी कॅप आणली होती, पण तिच्या मधला कार्बनचा खुंट स्प्रिंगवर अडकत होता. जुनी धुऊन, पुसून, उजेडात फिरवून पाहिली. आत काळी केसासारखी रेघ नाही, म्हणजे करंट आडवाटेने जात नाही. पायांवरची पांढरी बुरशी खरवडली आणि तीच परत लावली. रोटर मात्र बदलला, त्याचं पितळी टोक खाल्लं गेलं होतं. कॉईलच्या जाड तारेचा रोध थंड असताना मोजला आणि गाडी तासभर चालवून तापल्यावर पुन्हा मोजला. ३ ओहमच्या आसपास, जसा हवा तसा. कॉईलला हात लावला नाही. वायरी एक काढायची, एक लावायची अशा बदलल्या, म्हणजे क्रमाचा घोटाळा होत नाही. तांब्याच्या वायरी घेतल्या, त्यामुळे गाडीतल्या जुन्या रेडिओवर आता इंजिनची खरखर ऐकू येते. रेडिओवाल्यांनी कार्बनच्या घ्याव्यात.

नवे प्लग बसवताना पेट्रोलच्या रबरी नळीचा वीतभर तुकडा प्लगच्या डोक्यावर घालून त्यानेच आटे धरले. प्लग तिरका शिरत असेल तर नळी आपोआप घसरते, पाना घसरत नाही आणि हेडचे आटे कापत जातो. हाताने वॉशर टेकला की पान्याने साधारण अर्धा वेढा, बस्स. जोर दाखवायची ही जागा नव्हे.

पहिली चाचणी जुन्या कात्रज घाटात घेतली, कारण तिथून गाडी ओढून घरी आणणं परवडतं. मग खंबाटकी, भर दुपारी, मागच्या सीटवर मामीसाठी घेतलेली गव्हाची गोणी, मुद्दाम तिसऱ्या गिअरमध्ये. ठोका गेला नाही. तीव्र वळणावर दुसरा गिअर टाकावा लागला, पण ते पद्मिनी नवी असतानाही टाकावा लागत असणार. मामांनी वाईत बोनेट उघडून पाहिलं आणि म्हणाले, “कार्बोरेटर साफ केलास ना?”

पीयूसीवरही फरक दिसला. आमच्या वयाच्या गाडीला कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ३ टक्के आणि हायड्रोकार्बनची १५०० पीपीएम. ठिणगी चुकली की न जळलेलं पेट्रोल तसंच बाहेर पडतं, त्यामुळे मिसिंग मारणारी गाडी हायड्रोकार्बनच्या आकड्यात लगेच पकडली जाते. आधी आमची गाडी कशीबशी आत बसायची, या वेळी मुलाने आकडा बघून मशीन ठीक आहे ना म्हणून पुन्हा नळी घातली.

काही शे किलोमीटर झाल्यावर कॅप पुन्हा उघडली. नवी टाच कॅमवर बसताना सुरुवातीला थोडी झिजतेच. गॅप ०.३५ पर्यंत आला होता. पुन्हा ०.४५ केला, बल्ब लावून टायमिंग पाहिलं, डेल्को किंचित सरकवला. त्यानंतर गॅप फारसा हललेला नाही. पहिली तपासणी कुणीच करत नाही आणि पॉइंट टिकत नाहीत म्हणून ओरडतात.

मामेभावाचा आग्रह आहे की पॉइंट काढून इलेक्ट्रॉनिक इग्निशनचं किट टाक, कटकट मिटेल. त्याचं म्हणणं चुकीचं नाही. डेल्कोची बॉडी तीच राहते, आतल्या प्लेटवर पॉइंटच्या जागी सेन्सर बसतो, टाच नाही म्हणून झीज नाही. माझी अडचण वेगळी आहे. पॉइंट मरताना आठवडाभर आधी कुरकुरतात आणि रस्त्यात पॉलिश पेपर मारून घरी येता येतं. मॉड्यूल गेलं की जिथे गेलं तिथे गाडी उभी. तूर्त डिकीत गॅप लावून ठेवलेली पॉइंटची दुसरी जोडी, मोजलेला कंडेन्सर आणि फिलर गेज ठेवला आहे. चांगल्या टाचेचे पॉइंट मिळेनासे झाले तर किट टाकेन, पण काढलेली पॉइंटची प्लेट मग तिच्या चकत्यांसकट डिकीतच राहील.